चौथा तक्ता

पालक यायला दहा मिनिटं होती. कोऑर्डिनेटर मॅडम वर्गात आल्या, भिंतीवरचा चौथा तक्ता ओरबाडून काढला आणि मुलांसमोर मला म्हणाल्या, "तुम्हा लोकांना जगात कुठंही गेलं तरी तेच दिसतं."

मराठीत म्हणाल्या. म्हणजे फक्त मला कळावं. मी म्हटलं, "सॉरी, मॅडम." वर हसलेसुद्धा. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

शाळा शारजाची, अभ्यासक्रम ऑस्ट्रेलियाचा. मी नववीला इतिहास शिकवते. धडा होता दोन महायुद्धांमधल्या ऑस्ट्रेलियाचा. कोणाच्या वाट्याला काय आलं, त्याचे तक्ते मुलांनी केलेले. पहिल्यावर युद्धावरून परतलेला, सरकारनं जमीन दिलेला गोरा सैनिक. दुसऱ्यावर घराबाहेर कमावणारी बाई. तिसऱ्यावर मंदीत काम गेलेला, शिध्याच्या रांगेतला मजूर. चौथ्यावर तिथले मूळ रहिवासी. त्यांच्यातलेही त्याच युद्धात लढलेले. पण जमीन बहुतेकांना नाही. कुठं जायचं तर परवानगी. पोरं सरकार उचलून नेणार.

"तुम्हा लोकांना" हे मॅडमना कसं कळलं, तेही सांगते. मॅडम पुण्याच्या. दोन वर्षांपूर्वी इथंच शारजात, अल मजाजला त्यांच्या घरी हळदीकुंकू होतं. माझ्या आडनावावरून अंदाज लागेना, म्हणून गोड आवाजात विचारलं, "कुलदैवत कुठलं हो तुमचं?" मी म्हटलं, "जेजुरीचा खंडोबा." धडधडीत खोटं. आमच्या घरातले देव आजोबांनीच नदीत सोडलेले. पण माझी ओटी भरली गेली. स्टाफरूममध्ये माझ्या डब्यातली भाजी संपायला लागली. मी गप्प राहिले.

गेल्या महिन्यात त्यांनी तेच माझ्या लेकीला विचारलं. ती सरळ म्हणाली, "वी आर बुद्धिस्ट, आंटी." तेव्हापासून माझा डबा उघडला की मॅडमना उपास. सोमवार ते गुरुवार उपास. शारजात शुक्रवारी सुट्टी, तेव्हा सोडत असतील.

तर तक्ता जमिनीवर पडलेला. तो केलेली मुलगी रत्नागिरीकडची, तिला मराठी कळतं हे मॅडमना ठाऊक नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "मिस, इज इट नॉट ट्रू?"

तक्त्याच्या तळाशी तिनं एक गोष्ट शोधून लिहिली होती. काही मूळ रहिवाशांना त्यांच्यावर लादलेल्या कायद्यांतून सुटकेचा कागद मिळायचा. त्यासाठी आपल्याच माणसांशी संबंध तोडावा लागे. मीच ते तपासून बरोबरची खूण केली होती. आता ते पुन्हा वाचलं. मला तर कुणी कागद दिलाही नव्हता. माझा मीच लिहून घेतला होता, खंडोबाचं नाव घालून.

मी तक्ता उचलून परत लावला. तोवर पालक दारात. मॅडम हळूच म्हणाल्या, "खलास. आता विषय नको."

मी सगळ्यांना कळेल अशा हिंदीत म्हटलं, "मैं बौद्ध हूँ, मॅडम. अभी मराठी में जो बोला, वो इनको भी बोलिए."

त्या पालकांमधून वाट काढत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपलनी लेखी माफी मागितली. माझ्याकडून. नवरा म्हणतो, व्हिसा शाळेचा आहे, लेक तिथंच शिकते, दोन ओळी लिहून दिल्यानं काय जातंय? मला भीती वाटते. खूप वाटते. पण त्या दोन ओळींत मी अख्खी जाते.

लिहून देणार नाही.