गेटवर राहिलेल्या चपला

आमच्या ह्यांनी इलेक्ट्रिक गाडी विकायला काढली, तेव्हा कॉलनीच्या ग्रुपवर 'अतिशय जपून वापरलेली' असं लिहिलं. त्यात अतिशयोक्ती नव्हती, उलट जरा कमीच झालं. आमच्या गाडीत चपला घालून बसायची पद्धतच नव्हती. दाराशी चपला काढायच्या, कापडी पिशवीत घालायच्या, पिशवी डिकीत ठेवायची आणि अनवाणी आत शिरायचं. आत पाण्याशिवाय काही प्यायचं नाही, शेंगदाणासुद्धा तोंडात टाकायचा नाही. पाहुणे एकदा आमच्या गाडीत बसले की दुसऱ्यांदा रिक्षा बघायचे.

गाडी घेतली होती चिंचोळी एमआयडीसीतल्या नोकरीवर जाण्यायेण्यासाठी. हे रिटायर झाले आणि म्हणाले, "उभी राहून खराब होण्यापेक्षा ओळखीत कुणाला तरी देऊन टाकू." मी मान डोलावली आणि आत जाऊन सगळा राग कणकेवर काढला. पन्नाशी उलटल्यावर मी ह्याच गाडीवर शिकले होते. क्लच आणि गिअर ह्या जोडीशी माझं कधी जमलं नाही, आणि ह्या गाडीत दोघंही नव्हते. संध्याकाळी भाजीला मी ती घेऊन जायचे, तेव्हा मंडईपर्यंत माझ्याएवढं सुखी कुणी नसायचं. गाडी गेली की माझं चालवणंही संपलं. पण घेतली ह्यांनी, जपली ह्यांनी. मी कुठल्या तोंडानं अडवणार?

शेजारणीच्या माहेरचे लोक मंद्रूपहून गाडी बघायला आले. तिचा भाऊ, त्याची बायको आणि म्हातारी आई; आईंना मी आजीच म्हणाले. भावाचं भवानी पेठेत कापडाचं दुकान; रोजच्या येण्याजाण्याला त्याला गाडी हवी होती. नेमके त्याच सकाळी डॉक्टरांनी ह्यांच्या डोळ्यांत थेंब घातलेले, सगळं अंधुक दिसत होतं. परक्याच्या हाती स्टिअरिंग देणं ह्यांच्या जिवावर आलं. शेवटी किल्ली माझ्याकडे आली.

"विजापूर रोडला लागायचं आणि वळून परत," हे म्हणाले.

गेटबाहेर मी सवयीनं चपला काढल्या. माझं बघून त्या तिघांनीही काढल्या. आजींनी तर दाराला हात लावून नमस्कार केला. मी इतकी हरखले होते की पिशवी साफ विसरले, आणि आम्ही निघालो.

"काकू, जरा थांबवा की, रस घेऊ," एका रसवंतीपाशी शेजारणीचा दुकानदार भाऊ म्हणाला. मी थांबवली. त्यानं दार उघडून पाय खाली टेकवला आणि "आई गं!" म्हणत तसाच वर घेतला. एप्रिलची भर दुपार, खाली डांबर. मग आम्ही सगळ्यांनी आपापल्या पायांकडे बघितलं.

"अगं बया, चपला कुटं?" आजी म्हणाल्या.

त्यावर जे हसू सुटलं ते आवरेचना. रसवाल्यानं ग्लास खिडकीतून आत दिले. ज्या गाडीत शेंगदाण्याला बंदी, तिथं आम्ही उसाचा रस प्यायलो आणि हसता हसता निम्मा अंगावर सांडला.

आता उतरता तर येत नव्हतं. "मग पुडं घ्या की," आजी म्हणाल्या. "लई गार हाय हितं. मी काय उतरत न्हाय बगा."

घेतली पुढं! मोकळा रस्ता, पायानं नुसता इशारा केला की गाडी पळायची. असं करत करत चक्क मंद्रूप आलं. आजींनी काच खाली करून गल्लीतल्या बायकांना हाक मारली, "इल्ली बा, इल्ली बा!" बायका धावत आल्या, गाडीभोवती जमल्या, आणि आजी आतूनच सगळ्यांशी कानडीत गप्पा मारत राहिल्या. एवढ्या लांब मी आयुष्यात कधी गाडी नेली नव्हती. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

परत आलो तर हे काळा चष्मा लावून, छत्री धरून आमच्या चपलांपाशी उभे. माझा फोन घरीच राहिलेला.

"कुठं गेला होतात?"

"मंद्रूपला," मी म्हणाले.

"गाडी पसंत हाय आमाला," दुकानदार म्हणाला. त्याच्या बायकोनं आपल्या पिशवीतून नारळ काढला. हा नारळ हातात घेतला की शब्द पक्का, मग मागे फिरायचं नाही. ह्यांनी एक हात नारळाकडे नेला, दुसरा माझ्यापुढे केला. "किल्ली दे."

माझी मूठ उघडेना.

"नाही," मी म्हणाले. "मला चालवायचीय ही गाडी. मला फार आवडतं हो चालवायला."

"मग आधी बोलायचं की!"

"तुम्ही विचारलंत कधी?"

ह्यांनी चष्मा काढला. थेंबांमुळे मी त्यांना धड दिसतही नसणार, तरी जवळ येऊन त्यांनी माझा चेहरा निरखला. मग नारळाकडे नेलेला हात मागे घेतला.

आजींनी सुनेकडून नारळ घेऊन पुन्हा पिशवीत टाकला. "आपण दुसरी बगू," त्या लेकाला म्हणाल्या. त्याचं तोंड उतरलं होतं, पण आईपुढं बोलतो कोण!

पाहुण्यांना गावी सोडायला मी गाडी काढली. ह्यांनी पुढचं दार दुकानदाराला उघडून दिलं आणि स्वतः मुकाट्यानं मागं, आजींच्या शेजारी जाऊन बसले.