तिसऱ्या खिळ्यावरची पाटी

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५. सकाळी धुळीची हवा, दुपारी निवळली. कौमुदीला टेनिस स्पर्धेच्या कार्यालयाचा ई-मेल आला: महिला संघातील क्रमांक तीनच्या खेळाडूच्या सिव्हिल आयडीची, म्हणजे इथल्या सरकारी ओळखपत्राची, प्रत जोडलेली नाही. पाचच्या आत पाठवावी, नाहीतर संघ बाद. क्रमांक तीनवर कौमुदीने चारुताचे नाव लिहून पाठवले होते. चारुताला जाऊन सात महिने झाले.

कौमुदी माझी सून. नाशिकला जिल्ह्याच्या संघातून खेळायची. लग्न होऊन कुवेतला आली तेव्हा माझा मुलगा देवेंद्र तेलकंपनीत रुजू झाला आणि हिच्या रॅकेटी पलंगाखाली गेल्या. दोन वर्षांनी एका खासगी विद्यापीठाला मुलींसाठी बाई प्रशिक्षक हवी होती. मुलींच्या सरावाच्या वेळी कोर्टाभोवती पडदे सोडतात, पुरुषांना आत येऊ देत नाहीत. तेव्हापासून बारा वर्षे ती तिथे आहे. वेळेच्या बाबतीत फार कडक.

मुलींचा सराव साडेतीनला, मुलांचा मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर. क्रमवारीचा फळा मात्र दोघांचा एकच. डावीकडे मुलांच्या नावांच्या पाट्या, उजवीकडे मुलींच्या. वरच्या खेळाडूला आव्हान द्यायचे, जिंकले की पाट्यांची अदलाबदल. पंधरा मिनिटांत जो आला नाही, त्याची जागा गेली.

एप्रिलमध्ये चौथ्या क्रमांकाच्या शलाकाने चारुताला आव्हान दिले होते. चारुता आली नाही. दहाव्या मिनिटाला कौमुदीने तिला फोन केला. "पाच मिनिटं उरलीत. नाही पोचलीस तर जागा गेली समज." "आलेच कोच, अर्दियाहून गाडीने निघालेय," असे ती म्हणाली. पंधराव्या मिनिटाला कौमुदीने वहीत 'गैरहजर' लिहिले. अर्ध्या तासाने ती अपघातात गेल्याची बातमी आली. त्या फोनचे तिने फक्त मला सांगितले. पाटी मात्र तिसऱ्या खिळ्यावरच राहिली, आणि यादी करताना कौमुदीने फळ्यावर बघून जशीच्या तशी उतरवली.

आज तिच्याच्याने सरावाला एकटीने जाववेना. "आई, येता का बरोबर?" म्हणाली. मी चप्पल घातली.

मुलांचे प्रशिक्षक नबील फाटकाशी उभे होते. हिंदीत म्हणाले, "मॅडम, मुलगा पास होऊन गेला की मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एकेक खिळा वर सरकवतो. सांगाल तर पाटी मी उतरवतो."

"नको. ती मुलींची बाजू आहे," कौमुदी म्हणाली. ते गेले. पडदे सुटले.

तिने मुलींना ई-मेल वाचून दाखवला. "शलाका, एप्रिलपासून नियमाने तू तिसरी आहेस. पाटी बदल."

"नो वे, कोच. मी खेळलेच नाही."

"मग आपण सगळ्याच घरी बसू," मागून एकजण म्हणाली. "छान. मला अकाउंट्सचा अभ्यास तरी होईल."

शलाका रॅकेट घेऊन बेसलाइनवर जाऊन उभी राहिली. "परत वेळ लावा. पूर्ण पंधरा मिनिटं. ती नाही आली तर बदलते."

कौमुदीने माझ्याकडे पाहिले. चार वाजून सोळा मिनिटांनी तिने घड्याळ लावले.

समोरचे अर्धे कोर्ट रिकामे होते. मुली बाकावर बसल्या, पण सगळ्यांची तोंडे फाटकाकडे. वाऱ्याने पडदा आत फुगला आणि त्यामागे कोणीतरी खांदा टेकवून उभे आहे असे वाटले. सहाव्या मिनिटाला शलाकाने चेंडू दोनदा आपटला आणि सर्व्हिस करण्याआधी समोरच्याची वाट बघतात तशी मान वर केली. मग चेंडू खिशात टाकला.

दहाव्या मिनिटाला कौमुदीचा हात फोनकडे गेला. नंबर अजून तिच्याकडे आहे. बोटे काचेवर थांबली. मी तिचे मनगट धरले. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. एक मुलगी झटकन उठलीच. फाटकात कोणी नव्हते. खरे सांगते, मीही पाहिले, आणि ती उशिरा आल्याबद्दल रागवायचे नाही असे माझ्या मनात येऊन गेले.

"पंधरा," कौमुदी म्हणाली. तिने घड्याळ थांबवले. "चारुता गैरहजर. शलाका विजयी."

शलाका नेटपाशी गेली, सामना संपल्यावर करतात तसा नेटवरून हात पुढे केला, क्षणभर तसाच धरला. मग फळ्याकडे जाऊन स्वतःची पाटी वर लावली. चारुताची कौमुदीच्या हातात दिली. चौथा खिळा रिकामा ठेवावा असे कोणी सुचवले नाही. पाचवी मुलगी न सांगता उठली आणि तिने आपली पाटी तिथे अडकवली.

चार त्रेचाळीसला नवी यादी गेली. गाडीत कौमुदीने किल्ली लावली. मग म्हणाली, "आई, आज मी फोन नाही केला." "नाही केलास," मी म्हटले.

संध्याकाळचे लिहायचे एवढेच: मुगाची खिचडी केली. गॅसचा सिलिंडर संपत आला आहे, देवेंद्र उद्या बदलून आणेल.