खंडेनवमीला उचललेली पाटी

आबा पलटणीतून रिटायर होऊन गावी आले ते लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप घेऊनच. आईला वाटलं होतं, म्हैस घेतील. त्या दिवशी जेवताना ती फक्त एवढंच म्हणाली, "ह्येचं दूध कवा काडायचं?"

जीप दिसायला दणकट होती, पण तिला एक खोड होती. चालता चालता मधेच गप व्हायची. थोड्या वेळानं आपोआप सुरू व्हायची, किंवा नाही व्हायची. पलूसच्या मिस्त्रीला बोलावलं की मात्र नव्या सुनेसारखी शहाणपणानं वागायची आणि मिस्त्री आमच्याकडेच संशयानं बघत चहा पिऊन जायचा. मी तेव्हा साताऱ्याला एका गॅरेजमध्ये गाड्यांचं वायरिंग करायचो. आठवडाभर लोकांच्या गाड्या रस्त्याला लावायच्या आणि सुट्टीला घरी येऊन स्वतःची ढकलायची! माझं डोकंच फिरायचं.

त्यात थोरल्या वहिनींना दिवस गेले. थोरला भाऊ सरहद्दीवर होता. सातव्या महिन्यात सुईणीनं पोट चाचपून सांगितलं की मूल आडवं आहे, माझ्या हातनं हे व्हायचं नाही. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनीही बजावलं, "कळा सुरू झाल्या की घरी थांबू नका. लगेच इकडे आणा, नाहीतर मूल हाताला लागायचं नाही." गावात चार चाकांचं वाहन एकच, आमची लहरी जीप.

म्हणून मी पाटी केली. प्लायवूडच्या तुकड्यावर चार छोटे बल्ब बसवले आणि प्रत्येकाला चिमटा असलेली एकेक वायर जोडली. गाडी बंद पडली की ते चार चिमटे ठरलेल्या चार जागी लावायचे. करंट बॅटरीतून निघून इंजिनापर्यंत जातो त्या वाटेवरच्या ह्या जागा. जिथवर करंट पोचतो तिथवरचे दिवे लागतात, पुढचे विझलेले राहतात. दोन लागले, तिसरा नाही, तर दोष दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे. एकही लागला नाही, तर करंट बॅटरीतूनच निघत नाही. चारही दिव्यांची परतीची वाट एकच होती. तांब्याची एक लांबट पट्टी, ती गाडीच्या पत्र्याच्या फटीत खोचायची.

आबांनी पाटी उलटीसुलटी करून बघितली. "आला बगा आमचा कुडमुड्या जोशी. आता गाडीचं भविष्य सांगतोय."

"आबा, तुमी निस्ते बगा," मी म्हटलं.

आणि खरंच, पुढच्याच महिन्यात जीप बाजारात बंद पडली तेव्हा पाटीनं स्विचचा दोष दाखवला. आबांनी मिशीवरनं हात फिरवला आणि माझ्यादेखत चार लोकांना सांगितलं, "पोरानं केलंय." मला लय बरं वाटलं. वहिनीही म्हणाल्या, "भावजी, आता मला भ्या न्हाई."

दसऱ्याच्या सणासाठी मी आधीच घरी आलो. आमच्याकडे खंडेनवमीला सगळी हत्यारं पुजतात. कोयते, कुऱ्हाडी, विळे, आबांची जुनी संगीन, नांगराचा फाळ. पात्याला आधी तूप चोळायचं, मग त्यावर हळदकुंकू थापायचं, म्हणजे ते धरून राहतं. एकदा पुजलं की दुसऱ्या दिवशी सोनं लुटेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. आईनं त्या सकाळी जीपलाही हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मी अंघोळीला गेलो होतो तेवढ्यात माझी पाटीही पाटावर नेऊन मांडली. पोरानं केलेलं हत्यार, ते कसं विसरेल ती?

पुरणाचा घाट घातला होता आणि वहिनी चुलीपुढून एकदम उठल्या. भिंतीला धरून उभ्या राहिल्या. दिवस भरायला अवकाश होता, तरी कळा सुरू झाल्या होत्या. आईनं चाकापुढं नारळ फोडला, देवाला म्हणाली, "गाडी हलवती, माफ कर," आणि आम्ही निघालो. आबा स्टेअरिंगवर, मी शेजारी, मागं आई आणि तिच्या मांडीवर वहिनी. निघताना मी पाटावरची पाटी काखेत मारली, ते आईनं बघितलं नाही.

पलूस मागं पडलं. दोन्ही बाजूला ऊस. अन् जीप गप झाली.

आबांनी स्टार्टर मारून बघितला, इंजिन हूं का चूं करेना, शिव्या घातल्या. मी बॉनेट उघडलं, पाटी काढली. मागून आई ओरडली, "आरं, आज न्हाई! पुजलेलं हत्यार उचलू नगंस! वंगाळ हुईल!"

"आई, तू गप बस!"

जन्मात मी आईला असं बोललो नव्हतो. चिमटे लावले, पट्टी फटीत खोचली. पट्टीला कुंकू दिसलं, पण त्या दिवशी कुंकू कशाला नव्हतं? स्टेअरिंगला होतं, बॅटरीलाही होतं. मी दिव्यांकडं बघितलं. एकही लागला नाही.

चारही विझलेले, म्हणजे बॅटरी. मीच ठरवलेला नियम, माझाच त्यावर विश्वास. मी बॅटरीच्या वायरी सोडल्या, घासल्या, आवळल्या. पुन्हा बघितलं, अंधार. जाड केबल तपासली. तीही सोडली, घासली, परत आवळली. अंधार. मागून वहिनींचा आवाज यायचा, मग थांबायचा, आणि थांबला की मला जास्त भीती वाटायची. आबा रस्त्यात उभे राहून दोन्हीकडं बघत होते. एरवी ह्या रस्त्याला ट्रकांची रीघ. त्या दिवशी सगळे ट्रक, टेम्पो आपापल्या दारात हार घालून उभे. सायकलसुद्धा दिसेना.

लांब उसाच्या कडेला आबांना कुणाचा तरी फेटा दिसला. त्याला हाक मारायला म्हणून त्यांनी आत हात घालून हॉर्न दाबला. हॉर्न सगळ्या शिवारभर वाजला.

बॅटरीत जीव नसता तर हॉर्न वाजला असता का? मग दिवे का लागेनात? मी पट्टी ओढून काढली, नखानं खरवडली. कुंकवाखाली हळद, हळदीखाली तूप, थिजून घट्ट झालेलं, दोन्ही अंगांनी. आईला पाटीत पात्यासारखी दिसणारी ती एकच गोष्ट होती. परतीची वाट तिनंच लिंपून टाकली होती, मायेनं.

चिंधी मागं वहिनींच्या पायाशी पडली होती. तिथंच उभं राहून मी पट्टी घासून पुसली. आई डोळे मिटून देवाचं नाव घेत होती. पुन्हा लावली. पहिला लागला, दुसरा लागला, तिसरा नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधली, स्टार्टरलाही करंट नेणारी एक बारीक वायर कापडी आवरणाच्या आत तुटली होती. जोडली. जीप पहिल्या झटक्याला सुरू झाली. चहाला उकळी यायला लागतो तेवढ्या वेळाचं काम! आणि त्याच्यासाठी आम्ही किती वेळ तिथं उभे होतो, ते मी आजही मोजायला जात नाही. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय.

मुलगा होता. रडला नाही. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "आई वाचली. जरा आधी आणायला हवं होतं."

आईनं व्हरांड्यातच कपाळ बडवून घेतलं. "ह्यानं पुजलेलं हत्यार उचललं! सांगत हुते, पाया पडत हुते! खाल्लं रं माज्या नातवाला!" येणारे-जाणारे थांबून माझ्याकडं बघायला लागले. माझ्या अंगाची लाही लाही झाली. हत्यार उचललं म्हणून नव्हे, तुझ्या कुंकवानं गेला तो! शब्द अगदी ओठांवर आले होते. आबांनी माझा दंड धरला आणि मला आत, वहिनींकडं ढकललं.

वहिनींचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज निघत नव्हता.

"भावजी, ती पट्टी पुसताना म्या बगितलं."

मी दाराकडं बघितलं. बाहेर आईचं रडणं चालूच होतं.

"आत्याबाई नातवाचं दुःख सोसतील. ह्ये न्हाई सोसायच्या. सांगू नगा."

मला त्यांचाही राग आला, खरं सांगतो. स्वतःचं मूल गेलेलं, अजून डोळ्यातलं पाणी वाळलं नव्हतं, आणि बाई सासूची काळजी करतेय! मी म्हटलं, "अन् माजं काय?" त्यांनी डोळे मिटून घेतले. मला माझीच लाज वाटली. बाहेर आलो आणि आईचं सगळं बोलणं खाली मान घालून ऐकून घेतलं.

थोरला रजेवर आला. आईनं त्याला आपल्या परीनं सगळं सांगितलं. तो ओरडला नाही. माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "एक दिस कळ काडाया आली न्हाई व्हय रं तुला?" मी म्हटलं, "चुकलं." त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. ताटाला ताट लावून जेवायचो आम्ही, पण मधे भिंत. पाटी मी साताऱ्याला घेऊन गेलो. पुढं कितीतरी गाड्यांना लावली. तिचा काय दोष?

वहिनींना पुढं मुलगी झाली, सांगलीलाच, सुखरूप. ती चालायला लागली त्या सुमारास आईनं अंथरूण धरलं. मी भेटायला गेलो तेव्हा वहिनी तिचे पाय चेपत होत्या आणि थोरला उंबऱ्यात बसला होता. आईनं मला उशाशी बसवलं, माझा हात हातात घेतला. हाताला नुसती कातडी उरली होती.

"बाळा," ती म्हणाली, "त्या दिशी तू आमच्या भल्यासाठीच उचललंस. माज्या मनात काय न्हाई आता. म्या तुला माफ केलं." मग थोरल्याकडं बघून म्हणाली, "तू बी कर."

थोरल्यानं मान हलवली. मी म्हटलं, "बरं झालं, आई." दुसरं काय म्हणणार?

वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि उठून आत निघून गेल्या. आई त्यांच्या पाठीकडं कौतुकानं बघत राहिली. म्हणाली, "बगा, किती मऊ काळजाची हाय माजी सून."