पाठीतला ताठा

शिमग्याची पालखी खोतांच्या अंगणात बसली होती. सगळे गुडघ्यावर येऊन कपाळ टेकत होते. मी उभ्यानेच हात जोडले. कंबर वाकतच नव्हती.

खोतांनी ते पाहिलं. सगळी वाडी त्यांना भाऊ म्हणायची. ते हसत गुरवाला म्हणाले, "ह्याचंही एक गाऱ्हाणं घाल रे. ताठा उतरू दे मेल्याचा."

गुरवाने देवापुढे हात जोडले. "बा देवा महाराजा, ह्या लेकराच्या पाठीत जो काय ताठा शिरला असेल, तो आजपासून उतरव रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" जमलेली माणसं ओरडली. काही जण फिदीफिदी हसले.

मीही ओरडलो. गाऱ्हाण्याला सगळ्यांनी व्हय म्हणायचं असतं. लहानपणापासूनची सवय. तोंड आपोआप उघडलं. माझ्याच अपमानाला मी व्हय म्हटलं. आज पन्नाशी गाठली, तरी ते आठवलं की तोंडात कडू पाणी सुटतं.

ही नव्याण्णव-दोन हजारच्या आसपासची गोष्ट. पूर्णगडच्या अलीकडे आमची वाडी. आम्ही खोतांची जुनी कुळं. कायद्याने खोती कधीच गेली होती. आमच्या तोंडातून गेली नव्हती. मी त्यांच्या आंब्याच्या बागेत कामाला होतो.

सकाळी मला अंथरुणातून उठता यायचं नाही. कुशीवर वळून, भिंत धरून उभा राहायचो. बागेत पोचलो तरी तासभर लाकडासारखा. मग काम करता करता अंग सुटायचं आणि दुपारी मी आंब्याच्या कलमावर चढलेला असायचो. भाऊ खालून ओरडायचे, "सकाळी मरतोस आणि दुपारी माकडासारखा चढतोस? कुणाला फसवतोस रे?" मलाच वाटायचं, आपण आळशी आहोत.

शेवटी रत्नागिरीच्या एका डॉक्टरांनी फोटो काढला, रक्त तपासायला पाठवलं. म्हणाले, "मणक्यांना आणि कमरेच्या सांध्यांना आतून सूज आहे. पडून राहिलात की आखडणार, हालचाल केलीत की मोकळं वाटणार. आजारच तसा आहे." मी विचारलं, नुसतं बोट लागलं तरी कळ का येते? ते म्हणाले, "सूज फार दिवस राहिली की नसा हळव्या होतात. दुसऱ्याला जो नुसता स्पर्श, तो तुम्हाला मार वाटतो. नाटक नव्हे ते. घरात आणखी कुणाला आहे का असं? भावंडांकडे लक्ष ठेवा."

डॉक्टरांनी आजार लिहून दिलेला कागद मी ट्रंकेत तळाशी घातला. कुणाला सांगितलं नाही. बागेतलं काम जाईल. लग्न जमणार नाही. घरी म्हटलं, कंबर भरलीय. गोळ्या लपून खाल्ल्या.

दोन वर्षांनी माझी बहीण सुलू खोतांकडेच आढीवर कामाला लागली. पेंढ्यात पिकत घातलेले आंबे वाकून वाकून उलटायचे, डागी वेगळे करायचे. एकवीस वर्षांची पोर, पाठ दोन वर्षांपासून कुरकुरत होती तिची. सकाळी बसली की तिला उठता येईना. टाचा टेकवेनात.

एकदा भाऊंची बायको, आमच्या काकी, तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "कुठे दुखतं गो? इथे?" म्हणत त्यांनी सगळ्या बायकांसमोर तिच्या माकडहाडाशेजारी अंगठा रोवला. सुलू किंचाळली.

"बघा! नुसतं बोट लावलं तर!" बायका हसल्या. काकींनी पुन्हा दाबलं. आंबा पिकलाय का बघावं तसं. "आणि इथे? इथे गो?"

मी दारात पेटी घेऊन उभा होतो. काकींनी मला विचारलं, "काय रे, तुझीच बहीण. खरंच दुखतं का हिला?"

मला माहीत होतं. तिथे ते माहीत असलेला मी एकटाच होतो.

मी म्हणालो, "लहानपणापासून नाटकी हाय ती, काकी."

हे वाक्य मी बोललो. इथे लिहितोय, कारण ते दुसऱ्या कुणाच्या नावावर जाता कामा नये.

घरी सुलूने विचारलं, "दादा, तुझी पाठ पण अशीच हाय ना?"

"नाय," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सुलूला खोतांकडून निरोप आला. काल ओरडून तमाशा केलास, काकींच्या पाया पड आणि कामाला बस. तिला घेऊन मीच गेलो. सुलू वाकायला लागली आणि अर्ध्यात अडकली. एक हात गुडघ्यावर, चेहरा पांढराफटक. काकींनी पाय पुढे केला नाही. "अजून खाली. पुरे झाला ताठा."

भाऊ मला म्हणाले, "बघतोस काय? धर तिची मान आणि वाकव."

माझा हात उचलला गेला. खरंच गेला. बोटं तिच्या मानेला लागली मात्र, ती थरथरली. माझ्या स्वतःच्या अंगाला ती थरथर पाठ होती. मला माझ्या हाताची किळस आली.

"नाही," मी म्हणालो.

"काय म्हणालास?"

"ती वाकणार नाही. तिच्या हाडांना सूज हाय. माझ्यापण. डॉक्टरचा कागद हाय माझ्याकडं. काल मी खोटं बोललो."

"लाज नाही वाटत रे?"

"वाटते, भाऊ. पण तुमची नाय."

"उद्यापासून बागेत पाऊल टाकू नकोस."

"नाय टाकणार."

जाताना मी आढीवरच्या बायकांसमोर थांबलो. म्हणालो, "सुलू खरं बोलत होती. खोटा मी." कुणी वर पाहिलं नाही.

सुलूला कोल्हापूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं आधी आणायला हवं होतं, उजवा खुबा वाचला असता. परतीच्या एसटीत ती म्हणाली, "दोन वर्षं तुला ठाऊक होतं?"

"होतं."

आज ती लंगडत चालते. खोतांनी तिला लंगडी केली, असं मला म्हणता आलं असतं. म्हणत नाही. त्यांनी दाबलं. मी गप्प बसलो.

तिची माफी मी मागितलेली नाही. मागितली तर ती देईल आणि मी सुटेन. मला सुटायचं नाही. तिच्या दुखण्याला कुणी खोटं म्हणालं, तर मी भर चौकात बोलणार. खोटं बोलणाऱ्यांत आधी माझं नाव घेणार, मग त्याचं.