जाड तळाचे बूट

माझे बाबा बूट करायचे. 'दुरुस्त करतात' असं कोणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. दुरुस्ती पोटासाठी होती, काम म्हणजे नवा बूट. दुकान एवढंसं. पुढे काचेचं दार, मध्ये गिऱ्हाइकाची खुर्ची, तिच्यासमोर बाबांचं बुटकं स्टूल आणि मागच्या भिंतीवर रांगेने लाकडी साचे, नेहमीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाचा एकेक जोड. बाबा चेहरे विसरत, पाय विसरत नसत. रस्त्यात कोणी हाक मारली की आधी खाली बघत आणि मग त्यांना माणूस आठवे. माझ्या लग्नात त्यांनी व्याह्यांना पहिलं वाक्य काय म्हणावं, तर "तुमची डावी टाच बाहेरून झिजते." व्याही आजतागायत त्यावर हसतात, पण बूट तेव्हापासून बाबांकडूनच घेत आले.

मला दुकानात बसायची हौस होती. सात-आठ वर्षांची असताना मी एका बाईंच्या पायाचं माप कागदावर उतरवलं आणि डाव्यावर 'उजवा' लिहून ठेवलं. बाबांनी बाई गेल्यावर मला खुर्चीत बसवलं, मग स्टुलावर, मग पुन्हा खुर्चीत. "समोर बसलेल्याचा डावा पाय आपल्या उजव्या हाताला असतो. म्हण." मी रडकुंडीला येईपर्यंत त्यांनी ते माझ्याकडून म्हणवून घेतलं. एरवी आवाज न चढवणारा माणूस, पण ही एक चूक झाली की पिसाळायचा.

त्यांची दुसरी एक खोड होती. रस्ता ओलांडताना ते हात धरत नसत, मनगट धरत. करकचून. मी चाळिशी ओलांडली तरी सिग्नलपाशी माझं मनगट पकडलं जाई, आणि नवरा मागून म्हणे, "चला, नेलं पोलिसांनी."

आम्ही मूळचे इथले नव्हे. आजी-आजोबा बोटीने आले तेव्हा बाबा सहा वर्षांचे होते. इतरांच्या घरी 'तिकडच्या' गोष्टी सांगून सांगून गुळगुळीत झालेल्या असतात. आमच्या घरी 'तिकडे' हा शब्द होता, त्याच्यापुढे वाक्य जात नसे. आजीला विचारलं तर ती म्हणे, "तिकडे काही नव्हतं, म्हणून तर आलो." आणि पातेल्यावर झाकण ठेवावं तसा विषय बंद. मला वाटायचं, गरिबीची लाज असेल. माणसं काय, कशाचीही लाज बाळगतात.

गेल्या वर्षी बाबांचे हात थरथरायला लागले. आरी चामड्यात शिरायच्या ऐवजी त्यांच्याच बोटात शिरू लागली, तेव्हा दुकान बंद करायचं ठरलं. आवराआवर अर्थातच माझ्या गळ्यात पडली. माळ्यावर चामड्याचे तुकडे असतील, फेकून दे, असं बाबांनी सांगितलं होतं. नंतर मात्र ते म्हणाले की माळा राहू दे, तो मी बघतो. शिडीची पहिली पायरी चढवत नाही ज्यांना, ते माळा बघणार होते. मी चढले.

वर खोकी होती. प्रत्येक खोक्यात बुटांचा एक जोड, पातळ कागदात गुंडाळलेला. पहिला वीतभर, बंदाचा, लाल. पुढचा त्याहून थोडा मोठा. मग शाळेत घालतात तसे काळे, मग नाजूक टाचेचे, मग प्रौढ बाईला शोभतील असे तपकिरी, शेवटी म्हातारीला सोसतील असे रुंद चवड्याचे. मी ते सगळे खाली आणून फरशीवर ओळीने मांडले आणि दारापासून गल्ल्यापर्यंत एक मुलगी माझ्यादेखत चालत म्हातारी झाली. एकाचाही तळ घासलेला नव्हता. आणि प्रत्येक जोडातल्या उजव्या बुटाचा तळ डाव्याहून जाड होता. चामड्याचे थर आतून असे बेमालूम चढवले होते की हातात घेतल्याशिवाय कळू नये.

माझं डोकं फिरलं. मी स्वभावाने तापटच आहे, त्यात आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. तिच्या वाटचा रागही मलाच आला. लाल बुटांचा जोड घेऊन मी तडक घरी गेले. बाबा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते.

"हे कोणाचे?"

त्यांनी बघितलं आणि सुरी खाली ठेवली. "गिऱ्हाइकाचे."

"गिऱ्हाइकाचे बूट जन्मभर माळ्यावर राहतात? लहानपणापासून म्हातारपणापर्यंतचे? बाबा, मी काही कुक्कुलं बाळ नाही. आईला माहीत होतं का? बाहेर मुलगी आहे का तुमची?"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर, असता तर बरं झालं असतं.

"मुलगी नाही," ते म्हणाले. "बहीण आहे."

मी जीभ चावली. पण तोंडातून गेलेलं गेलं होतं. आपल्या बापाला काय काय बोललो, याने माझे कान आजही गरम होतात.

मग त्यांनी सांगितलं. खाली मान घालून, अर्धवट सोललेल्या बटाट्याला सांगितल्यासारखं.

ताई त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी. तिचा एक पाय जन्मतः आखूड, चालताना एका बाजूला झुकायची. बोटीवर चढायच्या आधी बंदरावरच्या एका लांबलचक खोलीत डॉक्टर तपासणी करत, आणि अधू माणसाला ते परत पाठवतात हे सगळ्यांना माहीत होतं. मुलं असली तर त्यांना नुसतं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावत. आदल्या दिवशी आजीने ताईला बाकावर बसवलं, तिच्या आखूड पायाच्या बुटात चिंध्या कोंबल्या आणि बाबांना समोर बसवून बजावलं, "उद्या तू ताईचा हात धरायचा आणि हळू चालायचं. बुजल्यासारखं. तिला तुझा आधार आहे असं दिसता कामा नये, तूच तिचा हात धरलायस असं वाटलं पाहिजे."

"आणि?"

"अर्ध्यापर्यंत नीट गेलो. खोलीच्या त्या टोकाला खिडकी होती. खिडकीत बोट दिसली." बाबांनी बटाट्याची साल बोटाने बाजूला सारली. "एवढी मोठी बोट मी कधी बघितली नव्हती गं. पळालो."

ताई खोलीच्या मधोमध पडली. बूट पायातून निघाला, चिंध्या बाहेर आल्या. डॉक्टर उठून उभा राहिला आणि त्याने विचारलं, ही कोणाची? आमचीच म्हटलं तर फसवलं म्हणून सगळ्यांनाच परत पाठवलं असतं. घर विकलेलं, परत जायला जागा नव्हती. आजी म्हणाली, "आमची नाही. निरोप द्यायला आलेल्यांतली आहे."

माझी पणजी खरोखरच निरोप द्यायला आली होती, कठड्यापलीकडे उभी होती. तिने ताईला उचललं आणि घेऊन गेली. ताई रडली का, हे बाबांना आठवत नव्हतं. आजी बोटीवर एकदाही रडली नाही, तेवढं आठवत होतं.

इथे आल्यावर तिला बोलवायची सोय उरली नव्हती. कागदोपत्री ती आमची कोणीच नव्हती, आणि खरं सांगावं तर सगळे हाकलले जातील, ही भीती घरात कायम बसून होती. आजीने शपथ घातली, नाव काढायचं नाही. बाबा हाताला काम शोधायच्या वयाचे झाले तेव्हा त्यांनी बूटवाल्याचं दुकान गाठलं. सुरुवात त्यांनी आठ वर्षांच्या ताईच्या पायापासून केली, मागची वर्षं भरून काढली, आणि पुढे तिचा पाय केवढा झाला असेल याचा अंदाज बांधून दर एक-दोन वर्षांनी ते एक जोड करायचे. पाठवायचे कधीच नाहीत.

"आजी गेल्यावर तर कोणाची आडकाठी नव्हती," मी म्हटलं. आवाज खाली आणला होता, पण प्रश्न तोच होता. "तेव्हा का नाही कळवलंत?"

"तेव्हा भीती नव्हती," बाबा म्हणाले. "तेव्हा लाज होती. एक वर्ष कळवलं नाही, की पुढच्या वर्षी जास्त अवघड होतं."

मी म्हटलं, आपण शोधू. ते नको म्हणाले. कोणत्या तोंडाने जाऊ, असं चार-चारदा म्हणाले. पण हात थरथरणाऱ्या माणसाजवळ ठेवणीतला वेळ नसतो, हे त्यांनाही कळत होतं. तिच्यासमोर जाऊन 'मी हात सोडला' हे बोलायचं, एवढंच त्यांचं या जगातलं काम शिल्लक होतं. ते न करता ते गेले असते तर ते बूट माझ्या गळ्यात पडले असते, हा माझा स्वार्थही मी लपवत नाही.

शोधायला काही लागलंच नाही, याचंच जास्त वाईट वाटलं. मी तिकडच्या गावच्या कचेरीत फोन लावला, अडखळत विचारलं, आणि फोनवरची बाई हसून म्हणाली, "त्या होय? पोस्टातल्या. जन्मभर टपाल वाटलं त्यांनी. अख्खं गाव पायाखाली घातलंय." चालता येत नाही म्हणून जी बंदरावरच मागे राहिली, तिने चालण्यावर पोट भरलं होतं. एका फोनचं अंतर होतं, आणि आम्ही ते तीन पिढ्या कापलं नव्हतं.

बाबांनी जायच्या आधी एक शेवटचा जोड केला. म्हणजे हात माझे, नजर त्यांची. उजव्या बुटाच्या तळाला थर मी चढवले, ते बाजूला बसून "अजून एक" म्हणत राहिले.

आत्याचं घर तळमजल्यावर होतं. पोस्टातल्या बायकांच्या खोल्या असतात तशी नीटनेटकी खोली, खिडकीपाशी खुर्ची, दाराशी काठी. आम्ही येणार हे मी तिला फोनवर सांगितलं होतं; ती दार उघडून बाजूला झाली. गळ्यात पडली नाही, रडलीही नाही. बाबांपेक्षा तीच ताठ होती.

"बस," ती म्हणाली. बाबा बसले नाहीत. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, स्वतः तिच्यासमोर गुडघे टेकले आणि खोकं उघडून बूट तिच्या पायांशी ठेवले. बुटांनीच बोलावं असं त्यांना वाटलं असणार.

आत्याने बूट उचलून उलटे केले. अंगठ्याने तळ दाबून पाहिला. मग झगा किंचित वर घेतला आणि एक पाय पुढे केला. आखूड.

"उजवा नाही रे," ती म्हणाली. "डावा."

मी भिंतीला टेकून उभी होते. स्टूल आणि खुर्ची, खुर्ची आणि स्टूल, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. सहा वर्षांचं पोर समोर बसून बघत होतं, आणि चिंध्या भरलेला पाय त्याच्या उजव्या हाताला होता. बाबांनी आयुष्यभर जगाला जो धडा दिला, तो स्वतःच्या आठवणीला कधी दिला नव्हता. माळ्यावरचे सगळे बूट, बंदाच्या लाल जोडापासून, चुकीच्या पायाचे होते. एकही तिला झाला नसता.

बाबांना ते कळायला वेळ लागला नाही. बूट करणाराच तो माणूस. त्यांचे खांदे खाली आले.

"मी हात सोडला, ताई," ते म्हणाले.

"हो. सोडलास."

मला वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ दे रे, लहान होतास. आपण सगळे हेच ऐकायला जातो. आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सहा वर्षांचा होतास, ते मी केव्हाच सोडून दिलं. आईचंही सोडलं, तिच्या पदरात दुसरं पोर होतं. पण नंतर तू काय सहाच वर्षांचा राहिलास? मी दारोदार लोकांची पत्रं वाटत होते. दुसऱ्या देशाची तिकिटं लावलेली पाकिटं यायची. रोज वाटायचं, आज आपलं असेल."

मी काहीतरी मध्ये बोलणार होते, पण मीही त्यांचीच मुलगी. तिच्या नशिबात नसलेले बूट आणि बाप घेऊन मोठी झालेली.

बाबांनी खिशातून पेन्सिल काढली. माझ्याकडे हात केला, मी पिशवीतून कागद दिला.

"उभी राहा," ते म्हणाले. "माप घेतो. आधी घ्यायला हवं होतं."

मला वाटलं, ती नाही म्हणेल. ती उठली. बाबांनी कागद फरशीवर पसरला, तिने त्याच्यावर पाय ठेवला आणि तोल जाऊ नये म्हणून बाबांच्या डोक्यावर हात टेकला. पेन्सिल थरथरत टाचेवरून निघाली, घोट्याखालून वळली, चवड्यापाशी अडखळली, बोटांना वळसा घालून परत टाचेला आली. रेघ वेडीवाकडी, पण पाय बरोबर. कागदाच्या कोपऱ्यात बाबांनी 'डावा' लिहिलं आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या.

माप पुरं झालं होतं. पेन्सिल त्यांनी खाली ठेवलेली मी पाहिली. पण आत्याचा हात अजून त्यांच्या डोक्यावर होता, आणि बाबा जागचे हलले नाहीत.

"झालं का?" आत्याने वरून विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "थोडं राहिलंय."