डेलियाचे डोळे

निवृत्तीनंतर आम्ही अकोला सोडून चिखलदऱ्याला राहायला गेलो, ते केवळ हवेसाठी. ह्यांना कंपवात होता आणि अकोल्याच्या उन्हाळ्यात हे अगदीच गळून जायचे. डॉक्टर म्हणाले, थंड जागी नेता आलं तर न्या. अमरावतीला मुलगी होती, तिथून चिखलदरा काही फार लांब नाही. दोन खोल्यांचं एक भाड्याचं घर मिळालं. मागे थोडी मोकळी जागा होती, तांबूस, मुरमाड मातीची. मी तेहेतीस वर्षं शाळेत गणित शिकवून दमले होते. वाटलं, आता नुसतं बसायचं.

पण ह्यांच्या मनात डेलिया होता.

हे भूमापन खात्यात होते. उमेदीच्या काळात बार्शीटाकळीकडची शेतं मोजून ह्यांनी जे नकाशे काढले, त्यांतल्या रेषा केसासारख्या बारीक असायच्या. एकदा कामानिमित्त चिखलदऱ्याच्या विश्रामगृहात मुक्काम पडला होता आणि तिथे ह्यांनी डेलियाची फुलं पाहिली होती. 'ताटाएवढं फूल होतं,' असं हे लग्नापासून मला सांगत आले होते. अकोल्यात कुंडीत दोनदा लावून पाहिलं. फेब्रुवारीच्या उन्हातच झाड मान टाकायचं. चिखलदऱ्याला गेल्यावर ह्यांनी उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या एका नर्सरीतून बारा गड्डे मागवले. सप्टेंबरात खोकं आलं. उघडलं तर लाकडाच्या भुशात रताळ्यांसारखे घोस, देठाला लटकलेले. मला तर त्यांत पाहण्यासारखं काही दिसलं नाही.

"एकेका गड्ड्याचे तीन करतो," हे म्हणाले. "मोकळे कापून लावले की जास्त झाडं होतात."

"तुमी नका कापू. हात पाहा कसा थरथरतो."

"कापता येते मले."

ह्यांनी कापलं. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. सुरी घसरत होती. एकेक रताळं मानेपासून तोडून हे बाजूला ठेवत होते आणि उरलेला देठ कचऱ्यात टाकत होते. नऊ गड्डे झाल्यावर थकले, तीन तसेच ठेवले. पाऊस ओसरल्यावर मी खड्डे खणले, शेणखत घातलं, सगळं लावून टाकलं. त्या दिवशी माझी कंबर धरली ती आठवडाभर सुटली नाही. दर चार तासांनी ह्यांच्या गोळ्या, अंघोळ, जेवण भरवणं, धुक्यात न वाळणारे कपडे आणि आता त्यात हे.

महिना गेला. तीन जागी कोंब आले, बाकी सगळीकडे नुसती माती.

शेजारी एक कोरकू बाई राहायची, माझ्याच वयाची. घरी ती तिची भाषा बोलायची, माझ्याशी वऱ्हाडी. तिचं सगळं आयुष्य जंगलातले कंद काढण्यात गेलेलं. कुठला कंद राखेच्या पाण्यात उकडायचा, कुठला रात्रभर ओढ्यात ठेवायचा, तिला ठाऊक. ती कुंपणापाशी आली, बसली आणि बोटांनी माती उकरून एक कंद बाहेर काढला. टवटवीत होता. सडला नव्हता, सुकलाही नव्हता.

"हा येत नाही बाई," ती म्हणाली. "याले डोया कुठं आहे? मानेपाशी असते डोया, तिथूनच कोंब फुटते. मानच कापली ना कोणं तरी."

"मग हा असाच राहील?"

"राहीन काही दिवस. मंग सडते." तिने तो साडीला पुसला. "खायले येते का हा?"

मला माहीत नव्हतं. मी तिला जपून बोलायला सांगितलं, कारण हे आत खुर्चीत बसले होते. मग आत जाऊन म्हणाले, "माती चांगली नाही इथली. मुरूम आहे नुसता." रोज सकाळी हे मला विचारायचे, "आले का?" आणि मी रोज म्हणायची, "अजून नाही." पंधरा दिवसांनी विचारणं बंद झालं.

उगवलेली तीन झाडं हातभर वाढली. डिसेंबरात एका सकाळी पाहिलं तर दोन झाडं आडवी आणि खाली नुसते खड्डे. सायाळ येऊन कंद खाऊन गेली होती. तिचा एक काटा तिथेच पडला होता. तिसऱ्याला कळ्या आल्या, त्या हिवानं करपल्या. त्या वर्षी फूल पाहायला मिळालं नाही. फेब्रुवारीत ते एक झाड उपटलं, तर खाली चांगला मोठा घोस. शेजारणीने सांगितल्याप्रमाणे कोरड्या वाळूत घालून तो पत्र्याच्या पेटीत ठेवला, पेटी पलंगाखाली. सारा उन्हाळा पेटी उघडून पाहायची, सुरकुतला असेल तर पाण्याचा हबका मारायचा, बुरशी दिसली तर तेवढा भाग काढायचा. घरात तान्हं मूल असल्यासारखं झालं होतं, आणि मला आता कुणाचंच काही करायची हौस उरली नव्हती.

दुसऱ्या सप्टेंबरात मी ठरवलं, कापायचं मीच. दुपारी हे झोपलेले पाहून पेटी मागच्या दारात नेली. धारेची सुरी घेतली. मानेपाशी तांदळाच्या कणीएवढे, तांबूस, जेमतेम दिसणारे डोळे होते. चष्मा लावून एकेक डोळा धरत हळूहळू कापत होते. सहा तुकडे झाले तेव्हा मागे चपलांचा आवाज झाला. हे दाराची चौकट धरून उभे होते.

"मी काही कापू नाही का?"

"तुमी झोपले होते म्हणून..."

"गेल्या वर्षी मी डोये कापून टाकले," हे म्हणाले. "मले माहीत आहे."

मी सुरी खाली ठेवली. "कोणी सांगतलं?"

"कोण सांगते? मी गेलतो मागं. काढून पाह्यला एक. धडधाकट होता, अन् डोया नाही." मग म्हणाले, "तू मातीचं नाव सांगतलं, तर म्हटलं, राहू दे. तुले बरं वाटत असन तर राहू दे."

म्हणजे वर्षभर आम्ही दोघं एकमेकांना जपत होतो आणि ते पंधरा दिवस रोज सकाळी तो खोटा प्रश्न आणि ते खोटं उत्तर चाललं होतं. मला रडू आलं असतं, पण खरं सांगते, राग आला. एवढं माहीत होतं तर मला रोज उठून "अजून नाही" म्हणायला का लावलं? तसं मी म्हणूनही टाकलं. हे हळूच खाली पायरीवर बसले. "इकडे दे," म्हणाले, "डोये मी दाखवतो, तू काप." ह्यांची नजर तेव्हाही चांगली होती. मला दिसले नव्हते असे दोन डोळे ह्यांनी दाखवले. आठ तुकडे झाले.

आठही उगवले. सायाळीसाठी शेजारणीने सांगितलं तसे जुने पत्रे जमिनीत गाडून कुंपण केलं. नोव्हेंबरपासून नळ एक दिवसाआड, तोही तासभर. मी बादल्या भरून ठेवायची आणि संध्याकाळी तांब्याने एकेका झाडाला पाणी घालायची. मुलगी फोनवर म्हणायची, "आई, कशाला करतेस हे सगळं? इकडे या ना दोघं." मी म्हणायची, पाहू.

डिसेंबरच्या शेवटी पहिलं फूल उमललं. गडद, जवळजवळ काळपट लाल. मी ह्यांची खुर्ची उन्हात नेली. ह्यांनी बराच वेळ पाहिलं.

"लहान आहे," म्हणाले. "तेव्हा लय मोठं वाटलं होतं."

"दोन वर्षं पाणी वाह्यलं मी. लहान म्हनू नका."

"तुले आवडलं का?"

"नाही. वास नाही त्याले काही."

हे हसले. कंपवाताने ह्यांचा चेहरा ताठ झाला होता, हसू फारसं उमटायचं नाही, पण खांदे हलले. मग मीही हसले. पुढचे वीस-बावीस दिवस हे रोज तिथे बसायचे आणि मी चहा घेऊन शेजारी. फुलं एकूण तीसेक आली असतील. त्या दिवसांबद्दल माझी तक्रार नाही.

जानेवारीत मी नळावर असताना हे एकटेच उठून मागे गेले आणि घसरून पडले. जमीन ओली होती. आदल्या संध्याकाळी पाणी मीच घातलं होतं. शेजारणीने आणि तिच्या नवऱ्याने ह्यांना उचललं, जीपमध्ये घातलं. घाटाच्या प्रत्येक वळणावर हे दात आवळायचे. मांडीचं हाड मोडलं होतं. अमरावतीला ऑपरेशन झालं. जमीन ओली का होती, हे मला ह्यांनी कधी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. ते ह्यांना माहीत असणार, हे आता मला कळतं.

तेव्हापासून आम्ही मुलीकडेच आहोत. मार्चमध्ये शेजारणीचा फोन आला. झाडं वाळली, आता काय करायचं? मी म्हटलं, कंद काढून घेऊन जा, तुझेच ते. पुन्हा आठवड्याने फोन. मी तो ह्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"उकडून खाल्ले बाई चार," ती म्हणाली. "पानचट लागते. मीठ टाकलं तर जमते."

"बाकीचे?"

"ठेवले वाळूत. पाहू. पान्याचं जमलं तर लावीन."

हे पलंगावरून म्हणाले, "विचार तिले, डोयाचे ठेवले का?" ती म्हणाली, "हाव, सांगा बाबाले, डोयाचेच ठेवले." एवढं ऐकून हे भिंतीकडे वळले. त्यानंतर फुलांचा विषय ह्यांनी काढला नाही. आता बोलणंही कमी झालं आहे. हव्या त्या वस्तूकडे नुसतं बोट करतात.

गेल्या महिन्यात मुलीने विचारलं, "आई, चिखलदऱ्याचं घर ठेवायचं का? उन्हाळ्यात बाबांना नेता येईल."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी डोळे मिटलेले होते, झोपले होते की नव्हते कोण जाणे.

"सोडून दे," मी म्हटलं.

जावई जाऊन भांडी आणि गाद्या घेऊन आले, किल्ली देऊन आले. त्या दुपारी ह्यांच्या गोळीची वेळ मुलीने सांभाळली आणि मी साडेपाचपर्यंत झोपले. उठले तेव्हा अंग जड होतं, तोंडाला कोरड पडली होती आणि किती तरी वेळ कुणी मला हाक मारली नव्हती.