पाऊस नाही, मग पाणी कुठून येणार?

आमच्या ह्यांना पाण्याची फार घमेंड होती. हे म्हणजे माझे यजमान, शेखर. नाशिकला गोदावरीच्या, म्हणजे आमच्या गंगेच्या काठी, बुधवारच्या बाजारात, बावीस वर्षं बेदाणे विकतात. पावसाळ्यात पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं, की अख्खा बाजार ह्यांच्याकडं बघतो, "शेखरभाऊ, उचलायचं का?" हे ढगांकडं बघणार, धरणातून किती सोडलंय ते फोनवर विचारणार, मग सांगणार. आणि खरंच, एकदाही चुकले नाहीत. मग काय, माणूस चढून बसतोच हो!

यंदा श्रावणात पाण्यामुळं बाजार दोनदा भरलाच नाही. माल पडून राहिला. कुणीतरी सांगितलं, डहाणूकडं एका बंदरावर नारळी पौर्णिमेला मोठी जत्रा भरते, घरोघर नारळीभात शिजतो, बेदाणे हातोहात जातील. घरात होते नव्हते ते चाळीस खोके टेंपोत घातले. दिवाळीचा माल ह्यातूनच भरायचा होता, दुसरं काही हातात नव्हतं.

सकाळी सहाला पोचलो. सगळे दुकानदार वर धक्क्यावर दाटीवाटीनं बसलेले, आणि खाली होड्यांपाशी ही एवढी मोकळी वाळू.

"येडे आहेत बघ," हे म्हणाले. "मिरवणूक इथंच येणार. गिऱ्हाईक आधी आपल्याकडं."

माल उतरवून टेंपो गेला. आम्ही वाळूवर ताडपत्री अंथरली.

दहाच्या सुमारास चतुराबाई खाली आली. ही कोळीण, वर सुकट घेऊन बसलेली. म्हणाली, "बाय, माल वर घे. भरती लागली. पुनवेची मोठी भरती आहे."

ती गेल्यावर हे हसले. "हिला आपली जागा पाहिजे. अगं, आभाळात टिपूस नाही. पाऊस नाही, मग पाणी कुठून येणार?"

मी समुद्राकडं पाहिलं. सकाळी तो पार लांब होता, आता होड्यांच्या बुडाशी पाणी चमकत होतं.

"अहो, वर घेऊ या ना."

"तू गप गं. मला पाणी शिकवू नकोस."

मी तराजू उचलला. गिऱ्हाईक होतं, मी तोलत होते, पण जीव थाऱ्यावर नव्हता. वाळूवर कलंडलेली एक होडी पाण्यानं हळूहळू उभी राहिली. मला दिसलं. तरी तोंड उघडलं नाही मी. ह्यांचं पाण्यातलं कधी चुकलंय का, असं स्वतःलाच दटावत राहिले.

मग ताडपत्री खालून ओली झाली, आणि पुढची लाट सरळ खोक्यांत शिरली. पुठ्ठाच तो, भिजला की फाटला. "उचला!" हे ओरडले, पण उचलायला आम्ही दोघंच. चतुराबाईनं आरोळी ठोकली, तशा सात-आठ कोळणी पाट्या तिथंच टाकून धावल्या. हातोहात खोके वर गेले. हे मात्र कमरेएवढ्या पाण्यात फुटका खोका उराशी धरून उभे. ह्यांना पोहता येत नाही. सारा जन्म नदीकाठी गेलेला माणूस!

"अहो, सोडा तो! मेले ते बेदाणे, तुम्ही या!" मी किंचाळले.

चतुराबाईनं दंडाला धरून ओढत आणलं त्यांना.

सतरा खोके वाचले. बाकीचे गेले. धक्क्यावर टेकल्यावर ह्यांनी तिला विचारलं, "हे परत येतं?"

"रोज दोनदा," ती म्हणाली. ती हसली नाही, हेच मला लागलं.

हे माझ्याकडं वळले. "तुला दिसलं होतं?"

"हो. दहा वाजताच."

"मग मला हाताला धरून उठवलं का नाहीस? पाण्याची भीती नाही वाटली?"

"वाटली. तुमची जास्त वाटली."

मला रडू फुटलं, सगळ्यांदेखत. राग ह्यांचा नव्हता, माझाच होता. तेवीस खोके जाईपर्यंत मी बघत बसले होते. मग डोळे पुसून उठले आणि दुकान कुठं मांडू, ते चतुराबाईला विचारलं.